तीन किरकोळ रजा आणि विजयदुर्ग

सोमवार, २२ डिसेंबर २०२५. दुपारचे चार वाजले असतील. कार्यालयात वर्षअखेरीची आवराआवर चालू होती. आस्थापना शाखेच्या बाई हजेरीपट घेऊन टेबलाटेबलावर फिरत होत्या. आमच्यापाशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या तीन किरकोळ रजा शिल्लक आहेत. ३१ तारखेला बाद होतील. घ्यायच्या तर आत्ताच अर्ज द्या."

किरकोळ रजा पुढच्या वर्षाच्या खात्यात जात नाही, हे वीस वर्षांच्या कारकुनीत आम्हांला पाठ झालेले आहे. दरवर्षी दोन-चार वाया जातात. ज्या वापरल्या त्या लग्नाला, मयताला, पुण्यानुमोदनाला, वस्तीतल्या कोणाच्या दाखल्यासाठी खेटे घालायला आणि चळवळीच्या कामाला. नुसते बघायला म्हणून आम्ही सहकुटुंब कुठे गेलो, असे काही केल्या आठवेना. लेखणी उघडलेलीच होती. अर्ज लिहून दिला.

२५ ला नाताळची सुट्टी, २६ ची रजा, मग शनिवार-रविवार, पुन्हा २९ आणि ३० ची रजा. सलग सहा दिवस हाती आले. ३१ ला कामावर हजर राहून संध्याकाळी भीमा-कोरेगावची गाडी धरायची, ते आमचे दरवर्षीचेच. १ जानेवारीची रजा नव्या वर्षाच्या खात्यातून.

आता या सहा दिवसांचे करायचे काय? आमचे साहेब त्याच आठवड्यात सहकुटुंब इटलीला निघाले होते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग खेड्यात द्राक्षांच्या मळ्यातल्या एका शेतघरात दोन रात्री, असा त्यांचा बेत सप्टेंबरपासून ठरत होता. त्यांनी टाकून दिलेले रंगीत माहितीपत्रक आम्ही घरी नेले होते, ते आमच्या धाकट्याने अभ्यासाच्या टेबलावर चिकटवले होते. तिकडचा व्हिसा मिळायलाच साधारण पंधरा दिवस लागतात म्हणे. आमच्यापाशी तीन दिवस होते आणि पैसे किती ते पुढे सांगतोच.

घरी येऊन रजेची बातमी सांगितली, तेव्हा मोठी मुलगी म्हणाली गोवा. धाकटा म्हणाला महाबळेश्वर. सौ. काहीच म्हणाल्या नाहीत. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आमची आई म्हणाली, "माका विजयदुर्गाचो किल्लो बघूचो आसा. आतसून."

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिचे माहेर विजयदुर्गाच्या अलीकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीत. लहानपणी ती लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन विजयदुर्गच्या बंदरावर यायची. १९६५ च्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी, लग्न होऊन त्याच बंदरावरून ती मुंबईच्या बोटीत बसली. तेव्हा तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. गावी तिचे जाणे-येणे पुढेही होत राहिले, पण किल्ल्यात ती कधी गेली नाही. कोणी अडवले होते असे नाही. मोळी विकून सूर्य मावळायच्या आत वाडीवर परतायचे असे, आणि पुढे गावी गेली ती कार्याला. कामासाठी आलेल्या माणसाला किल्ला कोण दाखवतो? वडील गिरणीत होते. "पुढल्या वर्षी जाऊ" असे ते दरवर्षी म्हणायचे. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, पुढे वडीलही गेले.

आम्ही म्हटले, "आई, जानेवारीत तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. ते होऊ दे. मग नीट दिसेल, मग जाऊ."

ती लसणाची पाकळी खाली ठेवून म्हणाली, "सगळे मागसून, मागसून म्हणत इले. तुझो बापूस पण मागसूनच म्हणत होतो."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

आता वाचकांपैकी कोणाला असाच घाईघाईत बेत करायचा झाला तर उपयोगी पडावे म्हणून हिशेब जरा सविस्तर मांडतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे ही आमची खोड आहे असे समजा. पतपेढीच्या लाभांशाचे ५,२०० रुपये घरात होते. आईने आपल्या पिशवीतून ४,००० काढून दिले. एकूण ९,२००. माणसे पाच.

पहिला प्रश्न गाडीचा. कोकण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते एकशेवीस दिवस होते) आणि नाताळात सगळे जग गोव्याला निघालेले असते. तत्काळचा प्रयत्न मुलीने केला. आधारचा ओटीपी येईपर्यंत प्रतीक्षायादी लागली होती. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती आम्ही गेलो तोवर पुन्हा सुरू झालेली नव्हती. उलट एस.टी.ने जायचे म्हटले तर पंचाहत्तरीपुढच्या माणसाला ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. म्हणजे आईचे शून्य, सौ.चे अर्धे, मुलीचे अर्धे, धाकट्याचे बारा वर्षांच्या आतला म्हणून अर्धे आणि आमचे पूर्ण. पाच माणसांची अडीच तिकिटे! आम्ही कागदावर एस.टी. लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सौ.नी कागद पाहिला आणि एकच वाक्य बोलल्या, "अहो, गाडीत संडास असतो, एस.टी.त नसतो."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन दहा-बारा तासांचा प्रवास, हा मुद्दा आमच्या अडीच तिकिटांत कुठेच बसला नव्हता. शेवटी ठरले ते असे की जाताना दिवा-सावंतवाडी गाडी. तिला आरक्षण नसले तरी चालते, ती सकाळी लवकर दिव्याहून सुटते, जवळजवळ सगळी स्टेशने घेत दिवसभर चालते. तिथून पुढे सगळीकडे एस.टी. मुंबई-विजयदुर्ग रो-रो बोटीच्या बातम्या २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत येत होत्या. आईने तीही चौकशी करायला लावली, पण तीन दिवसांत बातमीच्या भरवशावर बेत करता येत नाही.

दुसरा प्रश्न राहण्याचा. आमच्या मते प्रश्नच नव्हता. आईचे माहेर होते, कणकवलीजवळ मावसभाऊ होता. सौ. म्हणाल्या, "गावी गेलं की चूल माझ्या गळ्यात. सकाळी सगळ्यांचा चहा, दुपारी भाकऱ्या, आणि आलेगेलेले वेगळे. तुमची सुट्टी होते, माझी कधी होणार?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून अधिक लागले. वीस वर्षे आम्ही स्त्रीमुक्तीवर वस्तीत व्याख्याने ठेवतो आहोत. तेव्हा ठरले की दोन रात्री विजयदुर्गला खोली घ्यायची, खानावळीत जेवायचे, आणि माहेरी एकच मुक्काम करायचा.

मुलीने मोबाईलवरून नंबर काढले. पहिल्या ठिकाणी आम्हीच बोललो. खोली आहे म्हणाले, भाडे सांगितले, किती माणसे ते विचारले. मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. मग गाव विचारले, गावातली वाडी विचारली. आम्ही तेही सांगितले. "जरा थांबा, बघून सांगतो," म्हणाले, आणि पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला की खोली आधीच दुसऱ्या कोणी घेतली आहे. झाली असेलही. नाताळचे दिवस होते. पण धाकटा जवळच बसून ऐकत होता. त्याने विचारले, "पप्पा, वाडी कशाला विचारली?" अकरा वर्षांच्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांला जेवढा वेळ लागला तेवढा साऱ्या बेताला लागला नव्हता.

मुलगी म्हणाली, "पुढचा फोन मी करते. आडनाव मीच आधी सांगणार." तिने तसेच केले. नमस्कार झाल्याबरोबर पूर्ण नाव, मग माणसे पाच, दोन रात्री. पलीकडच्या गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मासे खातास मां? मगे येवा." बाराशे रुपये रोज, एक मोठी खोली, पाचवी गादी फुकट.

२५ तारखेला पहाटेच्या लोकलने दिवा गाठले. गर्दीचे वर्णन करत नाही, ती ज्याची त्याला ठाऊक आहे. पाच जणांत तीन जागा मिळाल्या, त्यातली एक खिडकीची, ती आईला. रोहा सुटले आणि डबा जरा सैलावला. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. त्याआधी आमच्या आईबापांच्या पिढीला बोट, आणि बोट बंद पडल्यावर एस.टी.ची रात्रभराची आदळआपट. धाकटा बोगदे मोजत होता. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आला, तेव्हा डब्यातली सगळी पोरे एकदम ओरडू लागली आणि बाहेर पडेपर्यंत ओरडत राहिली.

चिपळूणला गाडी बराच वेळ थांबली. आम्ही मुलांना सांगितले की १४ एप्रिल १९२९ ला याच गावी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची परिषद भरली होती. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. आई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, तिचे वडील खोताचे कूळ होते. भात झोडले की आधी खोताचा वाटा मोजून व्हायचा, मग घरची टोपली भरायची. आम्ही ही गोष्ट भाषणांत शंभर वेळा सांगितली असेल, पण आईच्या तोंडून मुलांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. गाडीने शिट्टी दिली आणि विषय वडापावावर गेला.

त्या रात्री कणकवलीजवळ मावसभावाकडे अंग टाकले आणि शुक्रवारी सकाळी विजयदुर्गची एस.टी. धरली. महामार्गाने तळेऱ्यापर्यंत, तिथून डावीकडे वळून पन्नासेक किलोमीटर. हा रस्ता म्हणजे या सहलीतला आमचा सर्वांत आवडता भाग, आणि इटलीच्या माहितीपत्रकातल्या खेड्यांपेक्षा तो कुठे कमी आहे हे आम्हांला तरी समजले नाही. लाल माती, जांभ्याचे सडे, सड्यावर वाळलेले सोनेरी गवत, मधेच उतार लागला की माड-पोफळी आणि एखादा व्हाळ. डिसेंबर असल्याने हापूसला मोहोर येऊ लागला होता. बागांच्या गडग्यापासून एस.टी.च्या खिडकीपर्यंत त्याचा वास येत होता. मुटाट गेले, पडेल कँटीन आले. या थांब्याला कँटीनच म्हणतात. इथून एक रस्ता देवगडकडे फुटतो. कंडक्टरने आईचे आधारकार्ड पाहून शून्य रुपयाचे तिकीट फाडून दिले. ते तिने घडी करून बटव्यात ठेवले.

खोली साधी, स्वच्छ निघाली. मालकांनी दारातच घावणे आणि चहा ठेवला. वाडी विचारली नाही. आईचे बोलणे ऐकून मात्र, "तुम्ही हयलेच काय?" असे विचारले आणि मग दोघांच्या ओळखीची निम्मी माणसे वारलेली निघाली.

किल्ला गावाच्या टोकाला आहे. तीन बाजूंना समुद्र आणि वाघोटनची खाडी, चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असे इतिहासकार सांगतात. गिर्ये गावाजवळचा म्हणून त्याला घेरिया म्हणत. आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांनी १६५३ साली तो घेतला आणि विजयदुर्ग हे नाव दिले. एकामागे एक तीन तट, सत्तावीस बुरूज आणि सुमारे सतरा एकरांचा घेर. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा आहे.

दरवाजा गोमुखी. म्हणजे समोर उभे राहिले तरी दार दिसत नाही, तटाच्या कुशीत वळून जावे लागते. तिथे एक स्थानिक तरुण माहिती सांगायला भेटला. कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७२० साली इंग्रज आणि १७२४ साली डच या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले, हे त्याने मोठ्या तालात सांगितले. युरोपियन लोक याला पूर्वेकडचे जिब्राल्टर म्हणत. समुद्रात पाण्याखाली एक दगडी भिंत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून ती पाहिली, तिची लांबी १२२ मीटरच्या आसपास भरली. शत्रूचे जहाज त्या भिंतीवर आपटून फुटे, असे तो म्हणाला. मग आवाज जरा उतरवून १७५६ सांगितले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रावरून मारा करून तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले आणि किल्ला घेतला, आणि हे झाले पेशव्यांशी हातमिळवणी करून. आपले आरमार आपणच परक्याकडून जाळून घेतले. हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला जिंकला. यापुढे आम्ही काही लिहीत नाही, वाचक सुज्ञ आहेत.

आईला एवढ्या लढायांत फारसा रस दिसला नाही. ती तटाला हात लावत लावत चालली होती. एका ठिकाणी थांबून तिने एक दगड चाचपला, कडा मोजल्यासारखे केले आणि म्हणाली, "ह्यो चिरो एकट्याचो न्हय." तिचे दोन्ही भाऊ चिरेखाणीत होते. खाणीतून कापलेला चिरा एक माणूस डोक्यावर घेतो, पण हा त्याच्या दुप्पट होता. दोन माणसे लागली असतील, आणि चढ असेल तर तिसरा मागून. आमच्या तरुण वाटाड्याला हा हिशेब नवीन होता. त्याने खाली वाकून दगड पाहिला. मग पुढे चालताना दोघे तटाचेच बोलत राहिले. २०२० च्या पावसाळ्यात तटाचा काही भाग ढासळला होता, तेही त्याने तिलाच सांगितले.

वर एका जागी 'साहेबाचे ओटे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबाने या ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला, असे इथे सांगतात. आमच्या मुलीने मोबाईलवर वाचून हळूच शंका काढली. ती खरी होती. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूरकडे गेला हे बरोबर. पण त्या दिवशी गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर विलायतेतच होता. त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या प्रकाशात ती वेगळी पिवळी रेषा पाहिली. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिऑस म्हणतात, त्यावरून नाव पडले. पृथ्वीवर तीच रेषा इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखरसात दिसल्याचे पाल्मिएरी नावाच्या शास्त्रज्ञाने १८८१ च्या सुमारास सांगितले आणि १८९५ साली रॅम्झेने हेलियम वायू हाती आणून दाखवला. धाकट्याला एवढे ऐकून फार आनंद झाला, कारण शेवटी इटली आलीच.

वाटाड्या जरा खट्टू झाला. "आमका तर असाच सांगतत," म्हणाला. त्याचा काय दोष? आम्ही त्याला म्हटले, ग्रहण इथून दिसले हे काही खोटे नाही. आणि १८ ऑगस्टला तुमच्या गावात हेलियम दिन साजरा होतो. मूलद्रव्याच्या नावाने दिवस पाळणारी किती गावे असतील? आमच्या आईच्या लहानपणी ग्रहण लागले की गरोदर बाईला कोपऱ्यात बसवून ठेवीत, सुरीला हात लावू देत नसत. त्याच मुलखात शाळकरी पोरे ग्रहणाच्या तारखेला विज्ञानाचा दिवस पाळतात, हे साहेब आला की नाही यापेक्षा मोठे आहे.

ऊन उतरले तसे आम्ही खाडीकडच्या बुरुजावर गेलो. आईला पायऱ्या चढवायला वेळ लागला. मुलगी एका बाजूला, सौ. दुसऱ्या बाजूला. वर वारा भणाणत होता. पलीकडे राजापूर तालुका, खाडीच्या तोंडाशी मासेमारीच्या होड्या, आणि खाली बंदराचा धक्का. आई तिकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही म्हटले, "दिसतंय ना?"

"नाय," ती म्हणाली. "सगळा धुक्यासारख्या."

तेव्हा मुलगी तिच्या खांद्याशी वाकून सांगू लागली. आजी, हा धक्का. धक्क्यावर जाळी वाळत टाकली आहेत. एक निळी होडी बांधलेली आहे, तिच्यात एक माणूस झोपला आहे. इकडे रस्ता येतो. आजी मधेमधे विचारत होती, पाणी कुठवर आहे, रस्ता कुठे वळतो. मग तिने हात लांब केला. "त्येच्या डाव्या हाताक बसलेलंय मी. बोट येयसर."

एक वळकटी, दोन नारळ, कुळथाची पुरचुंडी आणि आवशीने दिलेले नवे लुगडे, एवढे घेऊन ती तिथे सकाळपासून बसली होती. बोट सुटल्यावर बायका रडत होत्या, काहींना बोट लागली. ती म्हणे किल्ल्याकडे बघत राहिली. किल्ला लहान लहान होत गेला, तळहाताएवढा झाला, मग दिसेनासा झाला. "म्हटला, ह्यो किल्लो आतसून कसो असात," एवढेच ती बोलली. आम्ही साठ वर्षांचा हिशेब मनात केला आणि गप्प राहिलो. धाकटा मात्र गप्प राहत नाही. त्याने विचारले, "मग कसा आहे, आजी?"

"दगडांचो आसा," आजी म्हणाली. आणि हसली.

दोन रात्री बांगडे, सौंदाळे आणि सोलकढी चापली. सौ.नी दोन दिवस चहाचे पातेलेसुद्धा उचलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच धक्क्यावर जाऊन लिलाव बघून आल्या आणि कोणती मासळी मुंबईपेक्षा किती स्वस्त, याची यादी आम्हांला ऐकवली. दुपारी गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी पाहिली. खाडीच्या काठाला खडक खोदून केलेली ही जहाजांची गोदी किल्ल्याइतकीच पाहण्यासारखी आहे, पण तिथे कोणीच नव्हते.

रविवारी आईच्या माहेरी गेलो. वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप. माणसे मुंबईत, पुण्यात, कोणी आखातात. विहारात वंदना झाली, मंडळाच्या लोकांनी विहाराच्या पत्र्याचा विषय काढला, आम्ही यथाशक्ती पावती फाडली. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. चुलीचे म्हणाल तर आमच्या मामेभावाच्या मुलाने, तो कणकवलीत हॉटेलात काम करतो, बायकांना स्वयंपाकघरात येऊच दिले नाही. तिखट जरा जास्त पडले होते.

सोमवारी संध्याकाळी विजयदुर्ग आगारातून परतीचा प्रवास सुरू केला. रात्रीच्या एस.टी.ने आईचे हाल होतील म्हणून आम्ही धसका घेतला होता. वाटेतल्या थांब्यावर ती आमच्याआधी उतरून, हातपाय मोकळे करून, चहा घेऊन परत जागेवर बसली होती. मंगळवारी घरी पोचून हिशेब मिटवला. ९,२०० पैकी २६५ रुपये उरले. ते आईला परत दिले, तिने घेतले.

१२ जानेवारीला तिच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. आठ दिवसांनी मुलीने मोबाईलवर बुरुजावरून काढलेले फोटो दाखवले. आई मोबाईल जवळ-लांब करत बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "होडी निळी म्हणालंस मां? हिरवी आसा गो ती."